मीटरबाईंचा फोटो

सोफा मुद्दाम खोल केलेला होता, हे मीटरबाईंना टेकताक्षणीच कळलं. बसायला सोपा, पण उठायला कुणाचा तरी हात लागेल असा. तीस वर्षं त्यांनी कापडाच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून कापड मोजलं होतं, नावही तिथेच पडलेलं. गिऱ्हाइकाला आरामात का बसवतात, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

मुलाला कसल्याशा सोडतीत कुटुंबाचं मोफत फोटोसेशन लागलं होतं. फोटो मागच्या आठवड्यात काढून झाले, आज पाहायला बोलावलेलं. मुलगा, सून, नात आणि मीटरबाई ओळीनं बसले. खोलीत घड्याळ नव्हतं, खिडकी नव्हती. टिश्यूंचा डबा मात्र सुनेच्या बरोबर हाताशी. फोटो दाखवणाऱ्या बाईंच्या बिल्ल्यावर 'स्मृती सल्लागार' असं लिहिलं होतं.

दिवे मंद झाले आणि संगीत इतकं मोठ्यानं सुरू झालं की मीटरबाईंनी कानातलं यंत्र काढून मुठीत धरलं. ते काढताना सल्लागारबाईंनी पाहिलं. संगीत थांबल्यावर मीटरबाईंनी ते परत घातलं, तेव्हा मात्र सल्लागारबाईंचं लक्ष नव्हतं.

पडद्यावर शेवटचा फोटो थांबला होता. नातीनं कानात काहीतरी चावट सांगितलं होतं, आणि मीटरबाई तोंड उघडं टाकून, डोळे मिटून हसत होत्या. जन्मात पहिल्यांदा त्यांना स्वतःचा फोटो आवडला. सून डोळे पुसत होती.

"आजींना ऐकू येत नाही म्हणून बोलते, सर," सल्लागारबाईंनी आवाज खाली आणला. "त्यांचं वय बघता हे हसू पुन्हा मिळेल, न मिळेल. मागच्याच महिन्यात एका कुटुंबानं विचार करून सांगतो म्हटलं, आणि..." वाक्य तसंच सोडून त्यांनी टिश्यूंचा डबा आणखी पुढे सरकवला. मोफत मिळणार होता तो एक छोटा फोटो, आणि त्यासाठी हा निवडता येत नव्हता. हा फक्त पूर्ण संचात, फ्रेम आणि अल्बमसकट, बारा हप्त्यांत. "निर्णय आजच घ्यावा लागेल. संध्याकाळी फोटो डिलीट होतात. नियमच आहे तसा."

मुलानं पेन उचललं. त्याचे कान लाल झाले होते. तो फोटो घेत नव्हता, आईजवळ बसायला कधी वेळ काढला नाही त्याचा दंड भरत होता, हे मीटरबाईंना स्वच्छ दिसलं आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. 'शेवटचा तागा उरलाय' असं त्यांनीही हजारदा म्हटलं होतं. पण कुणाच्या आईचं मरण काउंटरवर मांडलं नव्हतं.

"पेन खाली ठेव," त्या म्हणाल्या.

"आई, तुला ऐकू येतंय?"

"सगळं. मला पोचवून झालं असेल तर बोलू का आता?"

"आजी, मला तसं नव्हतं म्हणायचं..."

"तसंच म्हणायचं होतं. आणि संध्याकाळची वाट कशाला बघता? आत्ता पुसा. माझ्यादेखत."

सल्लागारबाई कसनुसं हसल्या आणि त्यांनी मॅनेजरला बोलावलं. मॅनेजरनं येताच पाव किंमत कमी केली. मीटरबाईंनी नकारार्थी मान हलवली. मग त्यानं निम्मी केली, खास आजींसाठी म्हणून.

"मघाशी सून रडत होती तेव्हा ही किंमत कुठे गेली होती?" असं विचारून त्यांनी नातीचा हात मागितला, सोफ्यातून उठल्या आणि थेट कॉम्प्युटरपाशी गेल्या. "पुसायचं कुठे गं?"

"ते कचऱ्याच्या डब्याचं चित्र आहे ना, तिथे," नात म्हणाली.

कॉम्प्युटरनं नक्की का म्हणून विचारलं. मीटरबाईंनी नक्की म्हणून दाबलं. हसणारी बाई गेली, पांढरा पडदा उरला. त्याच्याकडे एकदा पाहून त्या मुलाकडे वळल्या.

"आई, काय केलंस हे?" मुलगा पुटपुटला.

"फोटो गेला, मी कुठे गेलेय? चेहरा माझ्यापाशीच आहे. बघायचा असला तर रोज संध्याकाळी घरीच असते मी." मग त्या मॅनेजरकडे वळल्या. "आणि तो मोफतचा द्या. तो आमच्या हक्काचा आहे."

तो घेतल्याशिवाय त्या हलल्या नाहीत. त्यात सगळेच शाळेच्या ओळखपत्रावर असावेत तसे दिसत होते.

दोन दिवसांनी, संध्याकाळी सहाला, मुलगा घरी चहा पीत बसला होता. त्याचा फोन वाजला. नंबर पाहून त्यानं फोन आईकडे सरकवला.

"आनंदाची बातमी आहे," सल्लागारबाईंचा आवाज आला. "आजींचा तो हसरा फोटो सापडला! आमच्याकडे एक प्रत होती. पण आजच सांगावं लागेल."

खोटं कशाला बोला, मीटरबाईंचं मन क्षणभर हललं. मग त्यांनी समोर बसलेल्या मुलाकडे पाहिलं.

"काय म्हणालात? मला कमी ऐकू येतं हो," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवून दिला.

मुलाला चहाचा ठसका लागला. त्याच्याकडे बघून त्या हसल्या, तोंड उघडं टाकून, डोळे मिटून.