खुर्चीच्या पायातला चेंडू

मी एक टेनिसचा चेंडू. पण मैदानावरून नाही, एका शाळेतून बोलतोय. तिसऱ्या रांगेतल्या खुर्चीच्या पायाखालून.

जन्मलो तेव्हा अंगावर पिवळी लव होती आणि पोटात ठासून भरलेली हवा. जेमतेम चार आठवडे मैदान गाजवलं. मग उसळी संपली आणि माझी रवानगी पोत्यात झाली.

ते पोतं मैदान राखणाऱ्याच्या खोलीत पडलेलं असे. शाळा सुटली की त्याची नऊ वर्षांची लेक तिथे येऊन बसायची. ती बोलायलाच उशिरा लागलेली. अजूनही ‘गाडी’ला ‘काडी’ म्हणायची. वाचताना जोडाक्षर आलं की तिचं बोट तिथेच रुतायचं.

एकदा बाप तणतणत आला. "बाईंनी पान सात सांगितलं आणि तू साठ उघडलंस? अख्खा वर्ग हसला म्हणे! लक्ष कुठे असतं तुझं?"

"मी ऐकलं होतं, बाबा."

डॉक्टरांनी तपासलं तर कान ठणठणीत निघाले. त्यामुळे बाप आणखीच बिथरला. "म्हणजे ऐकू येतं, पण ऐकायचं नाही!" त्याने तिच्या पाठीत धपाटा घातला. ती रडली नाही. आमच्या पोत्याला टेकून बसून राहिली.

शेवटी शाळेने त्यांना वाचा-उपचार करणाऱ्या ताईंकडे पाठवलं. तिथून परतल्यावर बाप तिच्यासमोर उकिडवा बसला आणि सावकाश म्हणाला, "ताई म्हणाल्या, आवाज तुझ्या कानात पोचतो, पण तो सुटा करून घ्यायला तुझ्या मेंदूला वेळ लागतो. त्यात चाळीस खुर्च्या फरशीवर करकरल्या की शब्दांचा गोळा होतो. चूक तुझी नव्हती."

"मग मला मारलं का?"

बाप उठला, त्याने पोतं उपडं केलं आणि सुरीने आम्हाला एकेक चीर दिली. दुखलं, खोटं कशाला बोलू?

सुट्टीच्या दिवशी बापलेकीने तिच्या वर्गातल्या खुर्च्यांच्या एकशेसाठ पायांखाली आम्हाला बसवलं. काही कामासाठी शाळेत आलेल्या बाई दारात येऊन थबकल्या. "हे काय, शाळा आहे की मैदान?" मग त्यांनी एक खुर्ची ओढून पाहिली. पुन्हा ओढली. आवाज नाही. बापाने ताईंचं म्हणणं त्यांना सांगितलं.

"इतके दिवस मी हिला मठ्ठ समजत होते," त्या हलकेच म्हणाल्या. "उद्यापासून पुढे बस, बाळा. एका वेळी एकच गोष्ट सांगेन, तुझ्याकडे बघून."

सगळं सुरळीत झालं असं नाही. ती अजून अडखळत वाचते, दर आठवड्याला ताईंकडे जाते. पण परवा शुद्धलेखनाच्या तासाला तिने हात वर केला. "बाई, परत सांगा ना." असं तिने आजवर कधीच विचारलं नव्हतं. बाईंनी सांगितलं, तिने लिहिलं. बरोबर की चूक, ते मला खालून दिसलं नाही.

माझी लव आता झिजलीय, रबर उघडं पडलंय. वर्ष सरेपर्यंत टिकेन की नाही, कुणास ठाऊक. जाण्याआधी एवढंच मागतो: एखादं मूल "काय?" म्हणालं, तर त्याला दुसऱ्यांदा सांगा. आवाज न चढवता.