रेघेच्या आतला बिबट्या

महाळुंगे पडवळच्या शिवारातल्या त्या वस्तीवर सकाळीच माणसांची झुंबड उडाली होती. उसाच्या कडेने ओढलेल्या भस्माच्या रेघेपर्यंत बिबट्याची पावलं आली होती आणि तिथूनच माघारी वळली होती. रेघेच्या अलीकडे, वस्तीच्या बाजूला, एकही पाऊल नव्हतं. बायका पदर पसरून नमस्कार करत होत्या, पोरं मोबाइल उंच धरून उभी होती. मधोमध रेघवाले महाराज डोळे मिटून पुटपुटत होते. एक डोळा तेवढा गर्दी मोजायला किलकिला ठेवला होता.

"हमारी रेखा यमराज भी नहीं लांघता! मग ह्या मांजराची काय टाप?"

"लई पावर हाय राव," गेणूतात्या म्हणाले आणि त्यांनी पुन्हा एकदा लोटांगण घातलं.

गर्दीच्या मागे उभ्या असलेल्या आरतीने मात्र हात जोडले नाहीत. ती वन्यप्राण्यांच्या सर्वेक्षणात काम करायची. शिवारात कॅमेरे बांधायचे, फोटो तपासायचे, कुठला बिबट्या कुठून ये-जा करतो ते शोधायचं. रेघ आल्यापासून वस्ती पार बिनघोर झाली होती. शेळ्या उघड्यावर बांधल्या जात होत्या, पोरं उसाच्या तोंडाशी खेळत होती. आणि आज तर महाराजांनी कहरच केला.

"आज दिवेलागणीला वस्तीतल्या कुमारिका रेघेवर दिवे घेऊन बसतील. वाघोबा लांबून दर्शन देऊन जातील!"

पहिलं नाव आरतीच्या लेकीचं, श्रेयाचं निघालं. नाव देणारी होती आरतीची सासू, प्रयागबाई.

"आत्या, श्रेया जाणार नाही," आरती म्हणाली. "खाली बसलेलं पोर बिबट्याला सावज वाटतं."

"तू गप ऱ्हा. तुझा क्यामेरासुदिक म्हाराजांपुढं आंधळा झालाय. साऱ्या वस्तीला ठावं हाय."

ते खरं होतं. रेघेवरच्या कॅमेऱ्यातून तिच्या मोबाइलवर गेले काही दिवस नुसता पिवळा धूसर पडदा येत होता. महाराज छाती पुढे काढून सांगायचे, "यंत्राची नजर आम्ही बांधली!" आरतीला वाटलं होतं, आत दव गेलं असेल. इतर शिवारांच्या कामात तिला कॅमेऱ्याकडे फिरकायला फुरसत झाली नव्हती. आता मात्र ती तडक तिकडे गेली, आणि कपाळावर हात मारून उभी राहिली. कॅमेऱ्याच्या खांबाला हळदीकुंकू लावलेलं होतं आणि भिंगावर झेंडूचा जाडजूड हार लोंबत होता.

"हे कुणी केलं?"

"म्या," मागून आलेल्या प्रयागबाई म्हणाल्या. "दसऱ्याला ट्रॅक्टरला, पाण्याच्या मोटारीला हार घालतोच की आपण. रातभर राखण करतंय बिचारं. त्याला मान नको?"

हसावं की रडावं, आरतीला कळेना. पण तिला आशा होती ती समोरच्या बाभळीची. बिबट्याच्या दोन्ही कुशींवरचे ठिपके वेगळे असतात, म्हणून कॅमेरे नेहमी जोडीने समोरासमोर बांधतात. बाभळीवरचा कॅमेरा मोबाइलवर फोटो पाठवणारा नव्हता आणि सालीच्या रंगाचा होता. त्यावर कुणाची नजरही गेली नव्हती आणि हारही पडला नव्हता. त्यातलं मेमरी कार्ड काढून तिने घर गाठलं.

उसाचं पान हललं तरी कॅमेरा फोटो काढायचा, त्यामुळे कार्डात फोटोंचा ढीग. बाहेर ऊन उतरत चाललं तरी कामाचे फोटो सापडेनात. एकदाचे सापडले. महाराजांचा चेला सूरज पहाटेच्या अंधारात खराट्याने रेघेच्या आतली माती झाडत होता. पुढच्या फोटोत तो उकिडवा बसून रेघेपलीकडच्या मातीवर पंजाचा लाकडी ठसा दाबत होता.

आरती पटापट मागे गेली आणि तिचा हात थांबला. बिबट्याची मादी रेघ ओलांडून सरळ आत आली होती. रेघेकडे तिने ढुंकूनही पाहिलं नव्हतं. वेळ कालच्या दिवेलागणीची. आदल्या संध्याकाळीही तीच वेळ, तीच वाट.

अंगणातून श्रेयाचा आवाज येत नव्हता.

आरती लॅपटॉप काखेत मारून धावत सुटली. रेघेवर नव्या परकरातल्या पोरी दिवे घेऊन बसल्या होत्या. महाराजांच्या हुकमाने सगळी माणसं लांब उभी होती, आणि महाराज स्वतः जीपच्या दाराशी.

"उठा गं! घरात पळा!" तिने श्रेयाला उचललं. घाबरलेल्या पोरी दिवे टाकून आयांकडे धावल्या.

"कोप होईल!" महाराज गरजले.

"होऊ दे. तुमचा रेघेवर भरोसा आहे ना? मग श्रेयाच्या जागी तुम्ही बसा. दिवा मी लावून देते."

सगळे महाराजांकडे पाहू लागले. तेवढ्यात उसात काहीतरी सळसळलं. वारा असेल, नाहीतर कुत्रं. पण महाराज धोतर सावरत जीपमध्ये चढलेसुद्धा!

"आमची... आमची मुहूर्ताची वेळ टळली."

पोरांनी जीप अडवली. आरतीने सूरजची पिशवी उघडायला लावली आणि ठसा बाहेर आला. आरतीने सगळ्यांना अंगणात, दिव्याच्या उजेडात नेलं आणि लॅपटॉप उघडला.

"तात्या, सकाळची पावलं आठवा. सगळी एकाच पायाची होती. बिबट्या काय लंगडी घालत आला होता?"

गेणूतात्यांनी ठसा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. मग आरतीने शेवटचा फोटो दाखवला. रेघेच्या आत मादी उभी होती आणि तिच्या मागे दोरीवर प्रयागबाईंचं हिरवं लुगडं वाळत होतं.

प्रयागबाई खालीच बसल्या. "त्या सांजच्याला म्या श्रेयाला घिऊन लुगड्यामागंच बसले व्हते गं." त्यांनी नातीला इतकं घट्ट कवटाळलं की पोर रडायला लागली. आरतीने दोघींना जवळ घेतलं.

"बिबट्याला भस्म कळत नाही, आत्या," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "त्याला उजेड कळतो, माणसांचा गलका कळतो, बंद दार कळतं. शेळ्या जाळीत घाला, सांजेला पोरांना एकटं सोडू नका. आणि कुणी चमत्कार दाखवायला आला, तर त्याला आधी स्वतःच्या जिवावर करून दाखवायला सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयागबाईंनी खराटा घेऊन सगळी रेघ झाडून काढली. मग खांबापाशी जाऊन हार उतरवला आणि पदराने भिंग पुसलं.

"आमी आमचं डोळं झाकलं ते झाकलं," त्या कॅमेऱ्याला म्हणाल्या, "तुझं बी झाकून ठिवलं व्हतं. बघ बाबा आता नीट."