तिसऱ्या मजल्यावरचं स्टूल

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याच्याच इमारतीतली लिफ्ट बंद पडावी, याहून मोठी चेष्टा ती कुठली? येता-जाता जो तो त्याला टोमणे मारायचा, आणि हा पठ्ठ्या आपला मान डोलवून सांगायचा, पार्ट मागवलाय, येईल.

पार्ट केव्हाच आला होता. याच्या कामाच्या पिशवीत, मळक्या फडक्यात गुंडाळून पडला होता.

लबाड नव्हता हो तो. सगळं बायकोपायी चाललं होतं. जुन्या घरी दार थेट रस्त्यावर उघडायचं. भाजीवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांशी हुज्जत घातल्याशिवाय तिला चैन पडायची नाही. मग याने हट्टाने हा फ्लॅट घेतला. चकाचक फरशी, नळाला गरम पाणी, नाव ठेवायला जागा नाही. पण शेजारची दारं कायम बंद, आणि माणसं लिफ्टमधून भुर्रकन वर, भुर्रकन खाली. बाई मिटतच गेली. भाजीत मीठ विसरायला लागली, दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडायला लागली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि विचारलं, दिवसभर बोलायला कोणी आहे का? आपणच हिला इथे आणून कोंडलं, या विचाराने त्याचा जीव तीळ तीळ तुटायचा.

तेवढ्यात लिफ्ट बंद पडली. जिना चढताना बरोबर तिसऱ्या मजल्यावर लोकांचा दम संपायचा. सातव्या मजल्यावरचे बँकवाले तर यांच्या दारासमोरच फतकल मारून बसले. हिने पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी स्टूल बाहेर ठेवलं. मग दार उघडंच राहायला लागलं. कोणाचा मुलगा ऐकत नाही, कोणाच्या गुडघ्याला काय लावलं, सगळी खबरबात हिच्याकडे. भाजीत मीठ परत आलं. गप्पांच्या नादात एकदा तर दुप्पट पडलं. याने ती खारट भाजी मिटक्या मारत खाल्ली.

आता सांगा, कोणाच्याने तो पार्ट बसवला गेला असता?

एका संध्याकाळी तो जेवायला बसला, तर ताटात अन्न नाही. मधोमध पार्ट ठेवलेला. शेजारी ते फडकं, स्वच्छ धुऊन घडी घातलेलं. त्याच्या तोंडचं पाणीच पळालं.

"आठव्या मजल्यावरच्या आजी लिफ्ट बंद पडल्यापासून खाली उतरलेल्या नाहीत," ती म्हणाली. "आज वर जाऊन बघून आले. भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. मी पडायचे ना, तशाच."

"आणि तुझं काय?" त्याने विचारलं.

"माझं मी बघीन. तो पार्ट बसवून या, मग वाढते."

उपाशीपोटी गेला बिचारा, आणि लिफ्ट सुरू करून आला.

सकाळी तिने स्टूल बाहेर ठेवलं. लिफ्ट खाली गेली, वर आली, पुन्हा खाली गेली. तिसऱ्या मजल्यावर कोणी थांबेना. बँकवालेसुद्धा थांबले नाहीत. ती दारात उभी, आणि हा एकाच पायात बूट घालून तिच्या मागे. आपण चूक केली, असं त्याला राहून राहून वाटत होतं.

मग लिफ्ट थांबली. दार उघडलं. आठव्या मजल्यावरच्या आजी बाहेर आल्या, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात घडीची खुर्ची.

"तुझं स्टूल फार उंच आहे म्हणे," आजी म्हणाल्या. "म्हणून माझं बसायचं मी घेऊन आले."

बायकोने खुर्ची हातातून घेतली आणि नवऱ्याकडे वळून म्हणाली, "अहो, सरका जरा. दुसरा बूट घाला आणि निघा कामाला."