बू सुकेसींच्या बाकावरची जागा

ही १९७७ सालची गोष्ट. त्या वर्षी स्वातंत्र्यदिनाच्या पताका लागल्या त्याच आठवड्यात रोजे सुरू झाले. हे मला पक्कं आठवतं, कारण रोजे लागायच्या आत मला एक निरोप द्यायचा होता आणि मी तो दिला नाही.

आमच्या कुदुस शहरात तेव्हा घरटी एक तरी बाई सिगारेटच्या कारखान्यात असायची. लवंग घातलेल्या, हातानं वळलेल्या सिगारेटी. काम जोडीनं चालायचं. वळणारी लाकडी साच्यात तंबाखू पसरून कागद गुंडाळायची आणि खळ लावायची. शेजारी बसलेली कातरणारी दोन्ही टोकांना बाहेर आलेली तंबाखू कात्रीनं साफ करायची आणि पन्नासांची जुडी बांधायची. जोडी ओळखली जायची ती वळणारीच्या नावानं. मी सहा वर्षं नुसती ‘दार्मीची कातरणारी’ होते. माझं नाव वार्सी आहे हे शेडमधल्या निम्म्या बायकांना माहीतही नसेल.

दार्मी माझ्याहून सोळा वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला ‘यू’ म्हणायची, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. मी सोळाव्या वर्षी शेडमध्ये आले तेव्हा कात्री कशी धरायची इथपासून सगळं तिनं शिकवलं. डब्यातली भाजी अर्धी माझ्या ताटलीत टाकायची आणि वर म्हणायची, “खा. उपाशी कातरणारी माझी बोटं कापेल.”

तिचा हात शेडमध्ये पहिला होता. मागच्या रांगेतली तुमिनी ओरडायची, “अगं दार्मी, हात आहे का शिवणयंत्र? त्या पोरीला शिंकायला तरी वेळ दे!”

“शिंकली तर आठ मागं पडतील,” यू मान वर न करता सांगायची. “शिंकायचं घरी जाऊन.”

त्या वर्षाच्या सुरुवातीपासून तिच्या उजव्या अंगठ्याला आणि दोन बोटांना मुंग्या यायला लागल्या. सकाळी कामावर आल्यावर ती हात गरम चहाच्या पेल्याला लावून बसायची. मग मुंग्या जाऊन बधिरपणा आला. वेग तसाच राहिला, पण दहातली एखादी सिगारेट सैल यायला लागली. हे फक्त मला कळत होतं, कारण प्रत्येक सिगारेट माझ्या चिमटीतून जायची. मी सैल सिगारेटी जुडीच्या मधोमध घालायला लागले, बाहेरून घट्ट. मुकादमबाई जुडी बाहेरून दाबून बघायच्या. पोटात काय आहे ते कोण बघतं?

मुकादमबाई म्हणजे बू सुकेसी; मानाच्या बाईला आम्ही ‘बू’ म्हणतो. शेडच्या टोकाला त्यांचं टेबल. जुड्या तपासायच्या, सैल असतील तर तिथंच मोडून टाकायच्या, वहीत नोंद करायची. त्या आणि यू दार्मी एकाच गावच्या, पोरवयात एकाच रांगेत बसलेल्या. पण सुकेसी टेबलावर गेल्यापासून दोघींचं बोलणं अदबीचं झालं होतं. नमस्कार, बरं आहे ना, येते. त्यापलीकडे शब्द नाही.

बू सुकेसी लेबारानला, रोजे संपले की, काम सोडणार होत्या. टेबल रिकामं होणार होतं.

एकदा सायकली काढताना यू मला म्हणाली, “ते टेबल मिळालं तर हात राहिला काय, गेला काय. डोळे शाबूत आहेत माझे. एंदांगची दोन वर्षं निघतील.” एंदांग तिची मुलगी, पाती नावाच्या शेजारच्या गावी शिक्षिकेचं शिकत होती. नवरा जाऊन चार वर्षं झाली होती.

“मग विचारा ना बूंना.”

“वेडी का तू? असं तोंड उघडून मागतात? त्यांच्या मनात असलं तर त्या कळवतील. कुणाकरवी तरी कळवतील.”

आमच्याकडे ते तसंच. मोठी गोष्ट तोंडावर मागायची नाही आणि तोंडावर द्यायचीही नाही. मागणाऱ्याला लाज नको, नाकारणाऱ्याला संकोच नको. मध्ये कुणीतरी तिसरं हवं.

ती तिसरी मी होते. जुलै संपत आला होता. बू सुकेसींनी मला नळापाशी गाठलं. त्या हातावरची खळ धूत होत्या, माझ्याकडे न बघता बोलत होत्या.

“तुझ्या यूला माझ्याकडून सांग. पहिल्या रांगेत बसणं आता पुरे. सगळ्यात जलद हात असतो ना, त्याला साहेब लोक कधी उठवत नाहीत. का उठवतील? शेडचं काम उणं पडेल. तिला म्हणावं, जरा मागं सरक, एखादी नवी मुलगी शेजारी घे, तिला तयार कर. आपल्या जागी बसायला कुणीतरी आहे असं दिसलं तरच माणसाला वर नेतात. मीही तेच केलं होतं. आणि आकडे नीट काढायला शिक म्हणावं, तिचे सात आणि एक सारखेच दिसतात.”

“सांगते, बू.”

“पुढचं ऐक. साहेबांनी मला नाव विचारलंय. तिच्या मनात असेल तर तिला काही बोलायची गरज नाही. रोजे लागायच्या आत एक दिवस दुपारी येऊन माझ्या बाकावर डबा उघडू दे. मी समजेन.”

मी परत येऊन यूच्या शेजारी बसले. तिनं विचारलं, “काय म्हणत होत्या?”

“काही नाही. खळ पातळ झालीय म्हणाल्या.”

मी असं का केलं ते मी पुष्कळ वर्षं स्वतःला एका पद्धतीनं सांगत आले. यू टेबलावर गेली तर माझी जोडी तुटेल, मला कुणीतरी तिरसट वळणारी मिळेल, म्हणून घाबरले. ते खरं आहे, पण अर्धंच. मी सहावीपर्यंत शिकले होते. माझे सात आणि एक वेगळे दिसायचे. नळापाशी उभी असतानाच माझ्या मनात आलं होतं की हे सगळं मलाही येतं. मी तर मागंच बसले होते सहा वर्षं.

पहिल्या दिवशी मी ठरवलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशीही तेच ठरवलं. दुपारी बू सुकेसी बाकाच्या एका टोकाला बसायच्या, दुसरं टोक रिकामं. त्यावरची तंबाखू त्या रुमालानं झटकायच्या, रोज. मी ते बघायची. यूही त्या बाजूला बघायची, पण तिला वाटायचं की निरोप आलाच नाही. मग ती डबा उघडायची आणि अर्धी भाजी माझ्या ताटलीत टाकायची.

रोज्यांच्या आधीची जत्रा भरली. शेडमधल्या बायका बांगड्या घेऊन आल्या. दोन दिवस राहिले, मग एक. शेवटच्या दुपारी बू सुकेसींनी आपला डबा फार सावकाश संपवला. घंटा झाल्यावरही त्या बाकावरून लगेच उठल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून रोजे. महिनाभर शेडमध्ये डबा उघडायचा प्रश्नच नव्हता.

तिसऱ्या रोज्याला त्यांनी मला टेबलाशी बोलावलं. “समजलं मला,” त्या म्हणाल्या. “तिला माझ्या हातून काही नको असेल. आपल्यात नाही म्हणत नाहीत, गप्प राहतात. असो.” 

अजूनही वेळ होता. मी तोंड उघडायला हवं होतं. मी मान खाली घातली.

“तुला लिहिता येतं ना? दाखव बघू.”

मी आकडे काढून दाखवले. सात आणि एक मुद्दाम वेगवेगळे काढले, हे मला आजही आठवतं.

लेबारानच्या सुट्टीआधीचा शेवटचा दिवस. बू सुकेसींचा निरोपसमारंभ म्हणजे शेडच्या टोकाला सगळ्या उभ्या, साहेब दोन शब्द बोलले, त्यांनी एक सारोंग दिला, कमरेला गुंडाळायचं कापड. मग त्यांनी सांगितलं, नवी मुकादम वार्सी. शेडमध्ये कुजबुज झाली. तुमिनी मोठ्यानं म्हणाली, “कोण वार्सी?” आणि सगळ्या हसल्या. यू हसली नाही, पण तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. तिला धक्का बसला होता आणि तरी हात ठेवला.

बू सुकेसी एकेकीचा निरोप घेत आमच्यापर्यंत आल्या. यूच्या समोर थांबल्या. सतरा वर्षांची अदब त्या दिवशी जरा सुटली.

“दार्मी, मी पंधरा दिवस बाक झटकत होते. माझ्याशेजारी बसून दोन घास खाल्ले असतेस तर कमीपणा आला असता का ग?”

यूनं त्यांच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. माझ्या पाठीवरचा तिचा हात तसाच होता. तो हलला नाही, फक्त जड झाला. तिला सगळं समजलं, हे मला त्या हातावरून समजलं.

“तुमच्या बाकावर वारा नाही लागत हो बू,” ती म्हणाली. “मला घामाचा त्रास. रागावू नका.”

बू सुकेसी नाइलाजानं हसल्या. यूनं माझं झाकलं, जसं मी तिची बोटं झाकायची तसंच. मधोमध सैल, बाहेरून घट्ट.

लेबारानच्या सकाळी मी तिच्या घरी गेले. त्या दिवशी आमच्याकडे सगळेच एकमेकांची क्षमा मागतात. शब्द ठरलेले असतात, बाहेरचं आणि आतलं सगळं माफ करा. मी तिच्या गुडघ्यांवर डोकं टेकून ते शब्द म्हणाले. तिनंही ठरलेलं उत्तर दिलं, माझंही चुकलं असेल, मलाही माफ कर. एवढंच. त्या शब्दांत सगळं मावतं, म्हणून एक गोष्ट वेगळी काढून सांगायची गरज राहत नाही. मी सांगितली नाही. तिनं विचारली नाही. एंदांगनं खोबऱ्याच्या रसातली कोंबडी वाढली. मी अर्धं ताटात तसंच ठेवून उठले.

सुट्टी संपली आणि मी टेबलावर बसले. यूला नवी कातरणारी मिळाली. ती चांगली मुलगी होती, पण तिला ती युक्ती कुठून माहीत असणार? सैल सिगारेटी जुडीत कुठंही यायच्या. यूच्या जुड्या मी हातात घ्यायची आणि न दाबता बाजूला ठेवायची. आठवडाभर असं चाललं. तुमिनीच्या जुड्या मात्र मोडल्या, कारण त्या खरंच सैल होत्या.

“आमच्याच मोडायच्या का?” तुमिनी म्हणाली. “दार्मीच्या काय कुराणावर ठेवून आणतात?”

दुसऱ्या दिवशी दुपारी यू स्वतः जुड्या घेऊन आली. साहेब माझ्या मागं उभे होते. तिनं वरची जुडी माझ्यासमोर ठेवली आणि हळूच म्हणाली, “दाब.”

“यू, ठीक आहे, ठेवा.”

“दाब म्हणते ना. पहिला महिना सगळे तुझ्याकडेच बघणार. माझ्या सोडल्यास तर तुझा शब्द या शेडमध्ये कुणी ऐकणार नाही, साहेबही नाही. टेबलावर बसलीस ना? मग नीट बस.”

मी दाबली. जुडी आत गेली. मी दोरा सोडला आणि सिगारेटी एकेक करून मोडल्या, पेटीत टाकल्या. कोरड्या कागदाचा बारीक आवाज होत होता. शेडमधल्या साच्यांची खडखड थांबली होती. यू समोर उभी होती, दोन्ही हात कमरेच्या कापडात गुंडाळून. पन्नास पूर्ण होईपर्यंत उभी राहिली. मग दुसरी जुडी पुढं सरकवली.

त्यानंतर शेडमध्ये कुणी माझ्याशी हुज्जत घातली नाही. यू दार्मी त्या महिन्याच्या अखेरीला काम सोडून गेली. अंगठ्याचं कारण तिनं कुणालाच दिलं नाही, आईला बघायला कुणी नाही म्हणाली.

बू सुकेसी मुलाकडे देमाकला राहायला गेल्या आणि सात वर्षांनी वारल्या. दार्मीनं आपल्याला नाकारलं असंच त्या शेवटपर्यंत समजत होत्या. तुमिनीनं आणखी वीस वर्षं सिगारेटी वळल्या. आता तिला ऐकू येत नाही, त्यामुळे ती पूर्वीपेक्षा जास्त ओरडते.

एंदांगचं शिक्षण तिथंच तुटलं. तिनं आईबरोबर रस्त्याच्या कडेला लेंतोग विकायला सुरुवात केली. भाताच्या वड्यांवर फणसाची पातळ भाजी, केळीच्या पानावर. वड्या एंदांग कापायची, यू डाव्या हातानं भाजी वाढायची. यू १९९४ मध्ये गेली. तोपर्यंत प्रत्येक लेबारानला मी तिच्या गुडघ्यांवर डोकं टेकलं आणि प्रत्येक वेळी ठरलेलेच शब्द म्हणाले. सतरा वेळा.

मी सव्वीस वर्षं मुकादम होते. नव्या मुलींना मी नळापाशी बोलावून सांगायची, सगळ्यात जलद हात होऊ नकोस, आपल्या जागी बसायला कुणी तरी तयार कर, आकडे नीट काढ. आणि जे हवं ते माझ्याकडे येऊन स्वतःच्या तोंडानं माग, कुणाकरवी निरोप पाठवू नकोस. मुली लाजायच्या, पण मागायच्या. त्यातल्या चौघी टेबलावर गेल्या.

एंदांगचं दुकान अजून आहे. मी सकाळी तिथं जाते. ती साठीपार झाली, तिला काहीच माहीत नाही. “या मावशी,” म्हणते आणि बाकावर सरकून मला जागा करून देते. त्याआधी फडक्यानं बाक झटकते. मी बसते आणि पानावरचं सगळं संपवते.