गुरुबसप्पांच्या नावाचा डबा

मी एक जुना कडीचा डबा आहे. स्टीलचा, दोन किलो पीठ मावेल एवढा, बुडाला एक पोचा पडलेला. मित्रांनो, माझ्यासारखे डबे तुमच्या घरी चार-पाच तरी असतील आणि त्यांच्याकडे तुमचं लक्षही जात नसेल. पण एका दुपारी माझं झाकण उघडायचं की नाही, यावर दोन माणसांचं या गावात राहणं अडलं होतं. तेवढी हकिकत सांगण्यासाठी मी तोंड उघडलं आहे.

कारखान्यात मी पत्र्याचा एक गोल तुकडा होतो. यंत्राने मला दाबलं, पोट दिलं, काठ वळवला, कडी लावली. मग सोलापुरातल्या एका भांड्यांच्या दुकानात मी येऊन बसलो. एके दिवशी सोमशेखर नावाचा माणूस आला. त्याचे वडील नुकतेच गेले होते. त्यांच्या आठवणीच्या जेवणाला येणाऱ्यांना द्यायला त्याने एकशे एक डबे घेतले. दुकानदाराने छोट्या यंत्राने टर्र टर्र करत आम्हा सगळ्यांवर नाव घातलं, ‘कै. गुरुबसप्पा यांच्या स्मरणार्थ’. बाकीचे शंभर वैरागला, मोहोळला, अक्कलकोटला पाहुण्यांबरोबर गेले. मी एकटा घरी राहिलो.

घरात सोमशेखरची आई शरणम्मा. तिला सगळे अव्वा म्हणतात. अव्वांना वाचता येत नाही, पण माझ्या पोटावरच्या अक्षरांवरून त्या अंगठा फिरवत आणि मगच मला भरत. माझ्यात शेंगापोळ्या असत, सणाला हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर असे. आमचं घर लिंगायतांचं, अव्वांच्या गळ्यात इष्टलिंग आहे. रोज अंघोळ, मग लिंगपूजा, आणि मगच तोंडात घास. या घरात मांस, मासे, अंडं कधी आलेलं नाही. अव्वांच्या माहेरीही नव्हतं. दहा वर्षं मी असा चुलीजवळच्या फळीवर मानाने बसलो होतो.

मग वरच्या मजल्यावर एक जोडपं राहायला आलं. फिलिपीन्स देशातलं. तिचं नाव रोसालिया, त्याचं डॅनिलो. गल्लीने आठ दिवसांत त्यांची रोजाबाई आणि दानीभाऊ करून टाकली. मिशनच्या दवाखान्यात दानीभाऊ पाय तुटलेल्या लोकांसाठी नवे पाय बनवतात आणि रोजाबाई त्या पायांवर चालायला शिकवतात. घर देताना सोमशेखरने एकच अट घातली होती.

“हे बघा, मटण न्हाय, मच्छी न्हाय. बाकी तुमचंच घर समजा.”

अंड्याचं तो बोलला नाही. विसरला असंही नव्हे. ते सांगावं लागतं हेच त्याच्या ध्यानात आलं नाही.

दोघांनी अट पाळली. एकदा रोजाबाईंच्या आईने देशाहून पार्सल पाठवलं. जिन्यातच वास सुटला. आत सुकी मासळी होती. रोजाबाई पार्सल उराशी धरून पायरीवर बसल्या आणि रडल्या. मग उठल्या आणि न उघडताच ते दवाखान्याच्या वॉचमनला देऊन आल्या. संध्याकाळी दोघांनी पिठलं-भाकरी खाल्ली. भाकरी नकाशासारखी झाली होती.

आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. त्या दिवशी दानीभाऊ खालून वर घागरी वाहायचे आणि प्रत्येक पायरीला मराठी आकडा म्हणायचे. एकोणीसला हमखास अडायचे. अव्वा खालून ओरडायच्या, “एकोणीस! वर जा की आता, पानी सांडतंय!” रविवारी दोघं चर्चला जात. रोजाबाई साडी नेसायच्या आणि श्रीदेवी, म्हणजे सोमशेखरची बायको, त्यांच्या निऱ्या नीट करून द्यायची.

अव्वांनी माझ्यातून वर शेंगाची चटणी पाठवली. रोजाबाईंनी मला घासलं, पुसलं आणि दोन्ही हातांनी धरून परत आणलं. म्हणाल्या, “धन्यवाद.” असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा अव्वा सुनेला म्हणाल्या, “धन्यवाद काय खायाचा हाय व्हय? भरला डबा दिला की बया रिकामाच धाडती.”

श्रीदेवीने हसत हसत जिन्यात रोजाबाईंना सांगितलं, की आपल्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. चिमूटभर साखर का होईना, घालतात. रोजाबाईंचे कान लाल झाले. त्या दिवसापासून मी कधी रिकामा उतरलो नाही. कधी दोन केळी, कधी गूळ. एकदा नारळ घालून शिजवलेला शेवग्याचा पाला होता. अव्वा म्हणाल्या, “हिला पाला शिजवाया लई चांगलं येतंय की.” मित्रांनो, त्या शाबासकीत माझाही वाटा आहे असं मला वाटायचं.

असे अकरा महिने गेले आणि घरातली हवा बदलली.

परदेशी माणसाला इथे राहण्याची मुदत वाढवून घ्यावी लागते. त्यासाठी चौकशीला पोलिसांकडचे साहेब येणार होते आणि घरमालकाचा जबाब घेणार होते. सोमशेखरने सही दिली नाही, तर दोघांना सामान बांधावं लागणार होतं. दवाखान्यात चौदा पाय अर्धवट पडून होते. दानीभाऊ ते रोज संध्याकाळी बोटांवर मोजायचे.

गुरुबसप्पांचे धाकटे भाऊ चनबसप्पा रोज येऊन पुतण्याजवळ बसू लागले.

“सोमू, मिशनरी हायत ते. उद्या कुनी काय उठवलं तर पेपरात नाव कुनाचं येनार? तुझं! सही करू नगंस. जागा मोकळी करून घे.”

“काका, मानसं चांगली हायत.”

“चांगलीच दिसत्यात की समदी. दादा असता तर त्यानं इचार केला असता.”

सोमशेखर अर्धं ताट सोडून उठायचा. रोजाबाई जिन्यात दिसल्या की मोबाईलमध्ये मान घालायचा.

साहेब यायच्या दिवशीच नळाला पाणी आलं. पाणी भरता भरता अकरा वाजले. अव्वांची अंघोळ लांबली आणि पूजाही लांबली. मी आदल्या दिवसापासून वरच होतो. रोजाबाई सकाळपासून खपत होत्या. त्यांच्या देशात नाताळला तांदळाच्या पिठाचा, नारळाच्या दुधाचा गोड केक करतात. खाली केळीचं पान घालून भाजतात. साहेबांसाठी तो नव्हता. वर्षभर ज्यांनी पाणी, पीठ, चटणी कशालाच नाही म्हटलं नाही त्या अव्वांसाठी होता. रोजाबाईंनी कोपऱ्यावरच्या दुकानातून चार अंडी आणली, फेटली आणि पिठात घातली. त्यांच्या देशात अंड्याला कुणी मांस म्हणत नाही.

गरम केक माझ्यात ठेवला, झाकण लावलं. मला काही कळलं नाही. डब्याला काय कळणार? गोड वास होता, नारळाचा वास होता. मी खूशच होतो.

खाली आल्यावर रोजाबाईंनी मला अव्वांच्या पाटाशेजारी ठेवलं. अव्वा नुकत्याच पूजेला बसल्या होत्या. एका हाताच्या तळव्यावर लिंग, डोळे मिटलेले. त्यांनी एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. म्हणजे, पूजा झाली की हेच पहिलं खाणार.

बाहेरच्या खोलीत साहेब आले. चनबसप्पा आधीपासून बसलेच होते. दानीभाऊही दवाखान्यातून आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले.

जिन्याखाली श्रीदेवीने रोजाबाईंना थांबवलं. “वास लई भारी येतोय. काय काय घातलंय वो?”

रोजाबाई बोटं मोजत म्हणाल्या, “तांदूळ, नारळ, गूळ, चार अंडी.”

श्रीदेवी खालीच बसली. “यव्वा! अंडी?”

“अंडी. का?”

“अवो, आमच्यात अंडं चालत न्हाय! मटणासारखंच की ते. अव्वांनी जन्मात खाल्लं न्हाय. आन् त्या डब्यावर मामंजींचं नाव हाय!”

स्वयंपाकघराचं दार उघडं होतं, मला सगळं ऐकू येत होतं. माझ्या पोटात काय आहे ते मला तेव्हा कळलं. ऊन ऊन वाफ झाकणाला धडकत होती. मला वाटलं झाकण असंच घट्ट बसून राहावं, कुणाच्या बापालाही उघडू नये. पण अव्वांचे हात मजबूत आहेत आणि पूजा संपत आली होती.

श्रीदेवी कुजबुजली, “तुमी वर जावा. मी डबा उचलते. मांजर शिवली म्हणून सांगते. कुनाला कळनार न्हाय. बाहेर साहेब हायत, काका हायत. आज बोलू नका, रोजाबाई. तुमचं समदं जाईल.”

रोजाबाई एक पायरी चढल्या. दोन पायऱ्या चढल्या. आत अव्वांनी लिंग कपाळाला लावलं, गळ्यात घातलं आणि माझ्या कडीकडे हात केला.

पायऱ्यांवर धाडधाड आवाज झाला.

“अव्वा! नका! डब्यात अंडं आहे. मी घातलं. खाऊ नका!”

अव्वांचा हात माझ्या कडीपर्यंत आला होता. तो तिथेच थांबला.

बाहेरची खोली आत आली. पुढे सोमशेखर, मागे चनबसप्पा, त्यांच्या मागे वही घेतलेले साहेब.

चनबसप्पा गरजले, “ऐकलंत का साहेब? आमच्या दादाच्या नावाच्या डब्यात अंडं! बाटवायला आल्यात ह्या! लिवून घ्या आधी!”

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. सोमशेखरचा चेहरा पांढरा पडला होता. रोजाबाई जागच्या हलल्या नाहीत.

“मी चुकले. मटण नाही, मासे नाही, हे मला माहीत होतं. अंडं माहीत नव्हतं. आत्ता कळलं.”

दानीभाऊ पुढे येऊन त्यांच्याशेजारी उभे राहिले. “आम्ही दोघं चुकलो.”

अव्वांनी विचारलं, “कवा कळलं तुला?”

“आत्ता. जिन्यात.”

“आन् मी खाल्लं असतं, तर मला कळलं असतं?”

“नाही.”

“श्रीदेवी, तुला ठावं होतं?”

श्रीदेवीची मान खाली गेली. “व्हय. मीच म्हनलं, मांजर शिवली म्हणून सांगू.”

“आपल्यात मांजर तरी हाय का गं?”

कुणी हसलं नाही. साहेबांना मात्र खोकला आला.

अव्वा भिंतीला धरून उठल्या आणि दिराकडे वळल्या. “भावजी, बाटवायचं असतं तर ही बया गप बसली असती की. तुमच्यासमोर, साहेबासमोर पळत आली. समदं जानार हे ठावं असून आली.” मग त्यांनी लेकाकडे पाहिलं. “आन् तू रं सोमू. मोहोळच्या धाब्यावर तू काय खातूस, ते दहा वरसं झाली, अख्खा गाव मला सांगतोय. तू सांगितलंस व्हय कवा?”

सोमशेखरचे कान रोजाबाईंपेक्षा लाल झाले. चनबसप्पांनी छताकडे पाहिलं. मला वाटतं, त्या धाब्यावर तेही असत.

मग सोमशेखर साहेबांना म्हणाला, “लिवा साहेब. भाडेकरूंबद्दल माझी तक्रार न्हाय. ते खोटं बोलत न्हाईत. कुटं सही करू?”

चनबसप्पा चप्पल घालून निघून गेले. चार महिने ते त्या घराची पायरी चढले नाहीत.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल आता सगळं गोड झालं. माझं झालं नाही. साहेब गेल्यावर अव्वांनी माझ्याकडे खूप वेळ पाहिलं. अंगठा पुढे आला नाही.

“हा डबा आता माझ्या सैपाकघरात येत न्हाय,” त्या म्हणाल्या. “तुझ्यावर राग न्हाय, पोरी. पन येत न्हाय. वर ने. तुझाच हाय आता. घासताना तेवढं नाव जप.”

रोजाबाईंना यातलं किती कळलं ते मला ठाऊक नाही. त्यांनी मला दोन्ही हातांनी उचललं आणि या खेपेला धन्यवाद म्हणाल्या नाहीत.

केक दवाखान्यातल्या लोकांनी खाल्ला. मी तिथेच राहिलो. आता मी दानीभाऊंच्या कामाच्या टेबलावर असतो. माझ्यात खिळे, रिबिटी आणि वॉशर असतात. कडीला ग्रीस लागलं आहे, झाकण कुठल्याशा खोक्याखाली हरवलं आहे. वर्षाची मुदत वाढून आली. ते चौदा पाय पुरे झाले आणि गावोगावी चालत गेले. पुढच्या वर्षी पुन्हा साहेब येतील, पुन्हा घरात कुणी अर्धं ताट सोडेल. खालून वर आता दुसराच डबा जातो आणि तो भरून परत येतो, असं ऐकतो. त्याचा मला हेवा वाटतो. हुग्गीचा वास अजूनही आठवतो.

तुम्हाला एवढंच सांगतो. कुणाच्या घरचं भांडं तुमच्या हाती आलं, तर ते आपटू नका, आणि भरण्याआधी त्या घरात काय चालतं ते विचारा. विचारायला लाजू नका, लाजल्यानेच असे घोटाळे होतात. आणि तरी चूक झालीच, तर समोरच्याने पहिला घास घेण्याआधी सांगा. तुम्हाला वाचवायला कुणीतरी न पाळलेली मांजर पुढे करेल. तिच्यामागे लपू नका. निम्मा जिना चढून गेला असाल, तरी उलटे फिरा आणि धावत खाली या.