बोटभर जागा

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे. शिंप्याच्या गळ्यात लोंबकळणारी, साठ इंच लांबीची, एका अंगाला इंच आणि दुसऱ्या अंगाला सेंटिमीटर मिरवणारी. माझा मूळ रंग पिवळाधमक होता, हे आता कुणाला सांगून पटत नाही. एका टोकाची पितळी पट्टी सैल झाली आहे. छत्तीस ते चाळीस हे आकडे पुसट झाले आहेत, कारण बहुतेक गिऱ्हाइकांची छाती तिथेच भरते. पण इतक्या वर्षांत मी सूतभरही ताणले गेलेले नाही. दुसरं कुणी आपलं कौतुक करील म्हणून वाट पाहण्यात अर्थ नसतो, म्हणून मीच सांगून टाकते.

माझा जन्म कारखान्यात झाला. कापडी पट्टीवर रंगाचे लेप चढले, आकडे छापले गेले, आणि वेटोळं करून मला एका डबीत कोंबण्यात आलं. ती डबी मास्तरांनी उघडली. बसथांब्यासमोर त्यांनी शिवणाचं दुकान काढलं, त्याच दिवशीची ही गोष्ट. दोन यंत्रं, एक लांब टेबल, भिंतीला आरसा आणि गिऱ्हाइकांच्या मापांची जाड वही, एवढाच त्यांचा संसार होता. दाराजवळच्या खिळ्यावर माझी जागा होती.

मास्तरांचे दोन नियम होते. छातीचं माप घेताना ते माझ्याखाली आपलं एक बोट सरकवत आणि म्हणत, "माणसाला श्वास घ्यायचा असतो." दुसरा नियम, आपलं माप आपण घेऊ नये. माणूस पोट आत ओढतो, टेप पाठीमागे घसरते, आणि मग कापड वाया गेलं की दोष शिंप्याला.

मास्तरांना एकच मूल. जन्मली तेव्हा सगळ्यांनी तिला मुलगा म्हटलं, म्हणून मास्तरांनीही मुलगाच म्हटलं. दर वाढदिवसाला ते तिला स्टुलावर उभं करत, मला लावून माप घेत आणि नवा शर्ट शिवत. घरच्या मापांची एक वेगळी वही होती. तिच्यात एका पानावर 'आमचं बाळ' असं लिहून खाली दरवर्षीची तारीख आणि आकडे मांडलेले असत. माप घेताना बाळ खुदुखुदु हसायचं. मास्तरांची पाठ वळली की मला कमरेला गुंडाळून, गिऱ्हाइकाचा फ्रॉक अंगाला लावून आरशासमोर गिरकी घ्यायचं. मी ते पाहिलं होतं, आरशानेही पाहिलं होतं. आम्ही दोघांनी कुणाला ताकास तूर लागू दिली नाही.

तेविसाव्या वर्षी तिने स्वतःच सांगितलं. टेबलावर कोटाची बाही उलटी पडली होती. ती म्हणाली, "बाबा, मी तुमची मुलगी आहे. आजची नाही, पहिल्यापासूनची."

मास्तरांनी दोन दिवस तोंडात मिठाची गुळणी धरली. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "बाळ, इस्त्री तापलीय. कॉलर आण." आणि काम पुढे सुरू झालं. घालवून दिलं नाही, गिऱ्हाइकांसमोर लपवलं नाही. दोन वर्षांनी डोळे अधू झाले तेव्हा मला स्वतःच्या गळ्यातून काढून तिच्या गळ्यात घातलं. पण तेविसाव्या वर्षानंतरच्या पहिल्याच वाढदिवसाला ते मला हातात घेऊन तिच्यासमोर उभे राहिले, त्यांचे हात हवेत तसेच थांबले, आणि मग त्यांनी मला खिळ्यावर टांगलं. म्हणाले, "तुझं तूच घे माप." स्वतःचा नियम त्यांनी स्वतः मोडला. तेव्हापासून तिने स्वतःचं मापच घेतलं नाही, नुसते ढगळ शर्ट शिवले.

अशी अकरा वर्षं गेली. गिऱ्हाइकं तिला ताई म्हणू लागली. ताईच्या हातचा कोट अंगावर बसतो की अंग कोटावर, कळत नाही, असं लोक म्हणत. बाकी दिव्याखाली अंधार. डॉक्टरांच्या देखरेखीखाली तिने हार्मोनच्या गोळ्या घेतल्या, त्याने थोडा फरक पडला, पण थोडाच. म्हणून ती शर्टाच्या आत स्पंजाच्या गाद्या शिवायची. उन्हाळ्यात त्या घामाने ओल्याचिंब व्हायच्या. यंत्रावर वाकलं की एक इकडे सरकायची, एक तिकडे. एकदा एका गिऱ्हाइकाच्या देखत एक गादी पार काखेत गेली. गिऱ्हाईक हसू दाबत निघून गेलं. मी तेव्हा तिच्या गळ्यात होते. माझ्या आडून तिने ती गादी परत जागेवर ओढली.

छाती भरून घ्यायचं ऑपरेशन तिने ठरवलं तेव्हा शेजारच्या लाँड्रीतल्या काकू आधी घाबरल्या. "बाई गं, धडधाकट अंगाला सुरी कशाला? कुणासाठी हे?"

ताई म्हणाली, "काकू, शिवताना माझा एक हात सारखा छातीशी जातो. सरकलं की काय, ते चाचपायला. तो हात मला शिवायला हवाय."

काकूंनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "मग करायचंच आहे तर दणदणीत कर! चोरून कशाला?"

ताई पोट धरून हसली. आतल्या टेबलावर काजं करत बसलेले मास्तर मात्र दोऱ्याकडेच बघत राहिले.

मित्रांनो, ऑपरेशन केल्यामुळे ती बाई झाली, असं मात्र समजू नका. ती बाई होतीच. कित्येक जणींना असलं काही करावंसं वाटत नाही, आणि त्यांचंही तितकंच खरं असतं. ताईला वाटलं, तिने चौकशी केली, दोन डॉक्टरांना भेटली, धोके विचारून कागदावर लिहून घेतले आणि मग ठरवलं. तिच्या या धीराचं मला आजही कौतुक वाटतं.

ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे ती मला पर्समधून घेऊन गेली. तिथे त्यांनी एक कागदी टेप काढली. एकदा वापरायची आणि फेकायची! मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई म्हणाल्या, "किती मोठं हवंय?" ताई म्हणाली, "माझा खांदा साडेसोळा आहे. खांद्याला शोभेल एवढं. कोट शिवताना मी खांदा बघूनच छाती ठरवते." डॉक्टरीणबाई चष्म्यावरून बघत राहिल्या. म्हणाल्या, "इतकं नेमकं उत्तर मला आजवर कुणी दिलं नव्हतं." त्यांनी ताईला एक ताणणारी चोळी दिली आणि आत घालून बघायला नमुन्याच्या पिशव्या. तिसऱ्या जोडीला ताई आरशासमोर थांबली आणि बराच वेळ हललीच नाही. मग तिने मला बाहेर काढलं आणि आपल्या हाताने आपल्या छातीभोवती गुंडाळलं.

साडेसदतीस.

आणि इथेच ती चुकली. चूक अशी, की ती शिंप्याच्या मुलीशिवाय दुसरं कुणी करणार नाही. कपाटात जांभळ्या लोकरीचं एक कापड तिने कित्येक वर्षं जपून ठेवलं होतं. ऑपरेशनला आठवडा असतानाच ते तिने टेबलावर पसरलं आणि साडेसदतीसच्या मापाने कोट कापला. शिवूनही टाकला, अगदी बटणांसकट. लाँड्रीच्या काकूंनी कपाळावर हात मारला. "उतावळा नवरा नि गुडघ्याला बाशिंग!"

ऑपरेशन दीड तासाचं होतं. दुसऱ्या दिवशी ती घरी आली. दुकान बंद. मी खिळ्यावर. दुकानामागेच घर, मधलं दार उघडं, म्हणून मला सगळं दिसत होतं. पाठीशी चार उशा लावून ती बसल्या बसल्या झोपायची. कुशीवर वळायचं नाही, हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, सहा आठवडे इस्त्री उचलायची नाही. पहिले तीन दिवस छातीवर कुणी दगड ठेवल्यासारखं तिला वाटत होतं. पाण्याचा तांब्या उचलतानाही ती ओठ चावायची. डोक्यावरून काही घालणं तर अशक्यच.

तेव्हा मास्तरांनी एक पुडकं तिच्या पायाशी ठेवलं. पुढून उघडणारे, मऊ कापडाचे तीन शर्ट. ती दवाखान्यात गेली तेव्हापासून रात्री जागून त्यांनी शिवले होते. डोळे अधू, त्यामुळे बटणं वरखाली लागली होती. पण शर्ट तिच्या अंगावर बरोब्बर बसले, ना घट्ट, ना ढगळ. मला तर हातही लावला नव्हता त्यांनी! काकू म्हणाल्या, "मास्तर, माप कुठून आणलंत?" मास्तर म्हणाले, "रोज समोर असते की." आणि सूप गरम करायला आत गेले.

तिसऱ्या आठवड्यात ताईला राहवलं नाही. काकूंच्या मदतीने तिने जांभळा कोट अंगात चढवला. बटणं लागेनात. मध्ये चांगली दोन बोटांची फट. शिवाय डावी बाजू उंच आणि उजवी खाली. सूज आहे, सगळं बसायला तीन महिने लागतील, असं डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं होतं. पण कानांनी ऐकलेलं एक आणि आरशात दिसलेलं एक. तिचा चेहरा पडला. "चुकलं सगळं," ती म्हणाली. "चांगलं चाललेलं होतं, मीच हात दाखवून अवलक्षण केलं." तिने कोट उतरवला आणि शिवण उसवायला कात्री उचलली.

मास्तर उठले. त्यांनी तिच्या हातातून कात्री काढून घेतली. ऑपरेशनबद्दल ते तोवर एक शब्द बोलले नव्हते. म्हणाले, "बाळ, तिरक्या कापडाचा घेरदार झगा शिवला की आपण काय करतो?"

"टांगून ठेवतो."

"का?"

"कापड आपल्या वजनाने सुटून लांबतं म्हणून. एकीकडे जास्त सुटतं, एकीकडे कमी."

"सुटायच्या आधीच खालची कड दुमडली तर?"

"कड वाकडी होते," ताई म्हणाली.

"गिऱ्हाइकांना शिकवतेस आणि स्वतःला घाई," मास्तर म्हणाले. "चुकलेलं काही नाही. बसायला वेळ दे." त्यांनी कोट हँगरला लावला आणि माझ्या शेजारच्या खिळ्यावर टांगला. दोन महिने आम्ही दोघे भिंतीवर लटकत राहिलो. कोट तसा गर्विष्ठ होता, नवी लोकर ना, पण पुढे पुढे माझ्याशी बोलू लागला.

दिवस गेले. ती आधी नुसतं टेबलाशी बसू लागली, मग हातशिलाई, मग यंत्र. इस्त्री मास्तरच करत. एक दिवस माझ्या लक्षात आलं, तासभर झाला तरी तिचा हात छातीशी गेलेला नाही. दोन्ही हात कापडावर होते. मित्रांनो, मला फार आनंद झाला, आणि तो सांगायला तोंड नाही याचं वाईटही वाटलं.

तीन महिने भरले. डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट आहे असं सांगितलं. ती परत आली तेव्हा मास्तर स्टुलाशेजारी उभे होते, आणि मी त्यांच्या हातात.

"उभी राहा," ते म्हणाले. "सरळ. पोट आत ओढू नको."

वाढदिवसाला अजून चार महिने होते. ती उभी राहिली. त्यांचे हात हवेत एकदा थांबले. मग ते पुढे आले, मला तिच्या पाठीमागून घेतलं, छातीवर आणलं, आणि माझ्याखाली आपलं बोट सरकवलं.

"मला आकडा दिसत नाही. वाच तूच."

"पावणेअडतीस," ती म्हणाली.

"आणि कोट?"

"साडेसदतीस."

"स्वतःचं माप स्वतः घेतलंस. पाठीमागे घसरली असणार टेप."

घसरले होते, मित्रांनो. आजवर कबूल केलं नव्हतं.

मास्तरांनी कोटाच्या शिवणीत ठेवलेली माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, पाव इंच सोडली. कोट अंगावर चढला आणि बटणं एकामागून एक लागत गेली. मग त्यांनी खणातून घरच्या मापांची ती जुनी वही काढली. ताईने कित्येक वर्षांत ती पाहिली नव्हती. "नवं पान काढू?" तिने विचारलं. "कशाला?" मास्तर म्हणाले, "याच पानावर जागा आहे."

तिने पान पाहिलं आणि स्टुलावर बसलीच. 'आमचं बाळ'च्या खाली शेवटच्या शर्टाच्या मापानंतर अकरा तारखा होत्या. अकरा वाढदिवस. दर वर्षी मास्तरांनी तारीख लिहिली होती आणि पुढचे रकाने कोरे सोडले होते.

"हात उचलतच नव्हता," ते म्हणाले. "कुठे धरावं, तुला काय वाटेल, कळेना. भ्यालो. माझं चुकलं, बाळ." ती रडली, तेही रडले. काकू कपडे द्यायला म्हणून आल्या आणि काहीच न विचारता रडायला लागल्या. मग बाराव्या ओळीत ताईने स्वतःच्या अक्षरात छाती, कमर, खांदा असं सगळं लिहिलं, आणि मास्तरांनी खाली सही केली, गिऱ्हाइकाच्या पानावर करत तशी.

आता माझे दिवस थोडे राहिलेत. परवाच नवी टेप आली आहे, चकचकीत, तोऱ्यात असते. तिला मी एवढंच शिकवते आहे आणि तुम्हालाही सांगते. आमच्यासारख्या जुन्या वस्तूंना ओढू नका, गाठी मारू नका, काम झालं की नीट वेटोळं करून ठेवा. कुणाच्या अंगाचं माप दुरून ठरवू नका. जवळ जा, विचारा, आणि हात थबकला तरी उचला. फक्त टेपखाली एक बोट ठेवायला विसरू नका. माणसाला श्वास घ्यायचा असतो.