लोणच्यावरचं तेल

"लवंगाचं तेल आणलंस का?" माणिकरावांनी थोरल्या सुनेला चपला काढायचीही उसंत दिली नाही.

"आणलंय, मामा. आधी बरणी बघू तर द्या."

लवंग, लसूण, दालचिनीच्या अर्कानं अन्नातले घातक जंतू कितपत मरतात, ते परभणीच्या प्रयोगशाळेत बघायचं, हे कावेरीचं काम. मानवतच्या घरात सासऱ्यांनी त्याचा अर्थ एवढाच घेतला होता, की आपली सून नासलेलं ताळ्यावर आणते.

लोणच्याची ही बरणी सासूबाईंच्या, तानुबाईंच्या हातची. शेवटची. त्या गेल्यापासून कावेरीला रडूच आलं नव्हतं. आत सगळं बधिर होतं. झाकण काढलं तेव्हाही काही वाटलं नाही. फोडींवर हिरवट-पांढरी बुरशी चढली होती.

"धाकटीनं हात लावला आसंल, नको त्या दिवसांत," माणिकराव म्हणाले. "मी बोलतच न्हाई तिच्याशी."

धाकटी सून प्रियांका खाली मान घालून भाकरी थापत राहिली.

"तसं काई नसतं, मामा. ह्याच्यावरचं तेल कुठं गेलं?"

"ते मीच खाल्लं की. रोज भाकरीसंगं थोडं थोडं. फोड एकबी खाल्ली न्हाई. तिच्या हातच्या फोडी, संपल्या आस्त्या ना."

कावेरीला उलगडा झाला. मोहरी-हिंगाच्या फोडणीचं ते करडईचं तेल वर होतं, तोवर बुरशीला वाव नव्हता. म्हाताऱ्यानं तेल खाल्लं आणि फोडी उघड्या पडल्या. करायला गेले एक आणि झालं भलतंच.

"मग? टाक की लवंगाचं. वाचंल न्हवं?"

"न्हाई, मामा. एकदा नासल्यावर उपाय न्हाई."

"पर नासलं कशानं? तू तर ह्याच कामात हायस."

कावेरीनं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. "दिवाळीला आले तवा मीच ओला चमचा घातला होता. चूक माझी हाय."

प्रियांकाचा थापता हात थांबला. माणिकराव बरणीकडं बघत राहिले.

"शिकल्याली ना गं तू," एवढंच म्हणाले आणि कावेरीकडं पाठ करून जेवायला बसले. "प्रियांका, वाढ, पोरी."

कावेरीनं बरणी परसात नेली. खड्डा करून फोडी पुरल्या आणि चुलीवरचं पाणी घेऊन बरणी घासत बसली. बऱ्याच वेळानं प्रियांकानं येऊन तिचं मनगट धरलं, तेव्हा कुठं तिला कळलं, की पाणी कढत होतं आणि हात लालबुंद झाले होते.